फायनान्शियल ॲडव्हायझरी की कन्सल्टिंग? हातातल्या ऑफरी कशा तोलाव्यात

धागाकर्ता: ताळेबंद

या विषयावर चर्चा सुरू झाली की चार प्रतिसादांत ती 'कुठल्या फर्मचं नाव मोठं' यावर घसरते. नावं बाजूला ठेवून प्रत्यक्ष कामाबद्दल एका जागी माहिती जमावी म्हणून हा धागा.

चर्चेपुरता एक उमेदवार धरू. लेखापरीक्षणातला दोन-तीन वर्षांचा अनुभव आणि हातात तीन ऑफरी. 'अ' म्हणजे मोठ्या लेखा फर्ममध्ये ट्रान्झॅक्शन सर्व्हिसेस, नेमकं सांगायचं तर फायनान्शियल ड्यू डिलिजन्स (विकत घ्यायच्या कंपनीच्या हिशेबांची सौद्याआधीची तपासणी). 'ब' स्ट्रॅटेजी कन्सल्टिंगमधलं जनरलिस्ट (एकाच क्षेत्राला न बांधलेलं) पद. 'क' स्वतंत्र सल्लागार फर्ममध्ये व्हॅल्युएशन (कंपन्यांचं आणि मत्तांचं मूल्यांकन). मूळ पगार अनुक्रमे १००, १२० आणि १०५, चलन कुठलंही समजा. उत्तर द्यायला सात दिवस.

आपबिती नको, कामाचं बोलू.

---

रोखप्रवाह: आधी नावांचा घोळ निस्तरा

'ॲडव्हायझरी' आणि 'कन्सल्टिंग' या पाट्या आहेत. आत काय शिजतं ते पाटीवरून कळत नाही. 'रिस्क ॲडव्हायझरी'त बहुतेक वेळ अंतर्गत नियंत्रणं तपासण्यात जातो. म्हणजे नमुने काढा, पुरावा जोडा, शेरा लिहा. लेखापरीक्षणातून सुटायचं म्हणून ही ऑफर घेणारा सहा महिन्यांत त्याच कामाकडे परतलेला असतो. 'अकाउंटिंग ॲडव्हायझरी'त नव्या लेखामानकांची अंमलबजावणी, शेअर बाजारात उतरणाऱ्या कंपन्यांची कागदपत्रं. 'फायनान्स ट्रान्स्फॉर्मेशन' असं भारदस्त नाव दिसलं की ईआरपी (कंपनीचा सगळा कारभार चालवणारी संगणकप्रणाली) बसवण्याचं काम नाही ना, हे आधी विचारा. यातलं कुठलंच काम वाईट नाही. पण सौद्यांवर काम करायला मिळेल या आशेने गेलात तर फसाल.

पाट्या बदलतातही फार. अँडरसन कन्सल्टिंगची २००१ मध्ये ॲक्सेंचर झाली. पीडब्ल्यूसीने आपला कन्सल्टिंग धंदा २००२ मध्ये आयबीएमला विकला. केपीएमजी कन्सल्टिंगची बेअरिंगपॉइंट झाली आणि ती २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली. मग याच लेखा फर्म पुन्हा कन्सल्टिंगमध्ये उतरल्या. डेलॉइटने २०१३ मध्ये मॉनिटर ही स्ट्रॅटेजी फर्म घेतली, पीडब्ल्यूसीने २०१४ मध्ये तशीच बूझ. ईवायने ऑडिट आणि कन्सल्टिंग वेगळं करायचा घाट घातला होता, तो एप्रिल २०२३ मध्ये गुंडाळला. थोडक्यात, आज ज्या विभागात रुजू व्हाल तो दोन वर्षांनी त्याच नावाने, त्याच वरिष्ठाखाली असेलच असं नाही.

म्हणून पहिलं काम: ऑफर पत्रावर सर्व्हिस लाइन (सेवेचा विभाग), टीम आणि हुद्दा स्पष्ट लिहून घ्या. 'व्यवसायाच्या गरजेनुसार कुठल्याही विभागात नेमणूक' असं वाक्य असेल तर निदान एचआरकडून टीमचं नाव ईमेलवर तरी घ्या.

---

आकडेमोड: 'अ' मध्ये रोज नेमकं काय करावं लागतं

कुणी कंपनी विकत घेतंय. विक्रेता म्हणतो नफा अमुक. तो नफा खरा किती, टिकाऊ किती, हे तीन ते सहा आठवड्यांत सांगायचं. नवीन माणसाच्या वाट्याला येतं ते डेटाबुक. महिनावार ट्रायल बॅलन्स (सगळ्या खात्यांच्या शिल्लकांची यादी) घ्यायचे, लेखापरीक्षित हिशेबाशी जुळवायचे, एक्सेलमध्ये ग्राहकवार, उत्पादनवार, शाखावार फोडायचे. मग प्रश्नांची यादी, व्यवस्थापनासोबत बैठका आणि अहवाल.

गाभा असतो एबिटडाच्या (व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीच्या नफ्याच्या) दुरुस्त्यांत. समजा जाहीर एबिटडा ५०. त्यात एकदाच झालेला कोर्टाच्या तडजोडीचा खर्च २, तो परत मिळवायचा. मालक बाजारभावापेक्षा १.५ कमी पगार घेतो, तेवढे वजा. एक जुनी मशीन विकून ३ चा फायदा इतर उत्पन्नात टाकलाय, तोही वजा. उरले ४७.५. विक्रेता म्हणेल, गेल्या महिन्यात दर वाढवले, त्याचा वर्षभराचा परिणाम ४, तोही धरा. इथे खरं डोकं लागतं: दर वाढल्यावर किती ग्राहक टिकले हे बघितल्याशिवाय तो आकडा धरता येत नाही. किंमत एबिटडाच्या ८ पट ठरत असेल तर ५० आणि ४७.५ मधला फरक किमतीत २० होतो. या कामाला पैसे का मिळतात ते या एका आकड्यात आहे.

दुसरा भाग खेळत्या भांडवलाचा. व्यवहार पूर्ण होताना धंद्यात किमान किती भांडवल असावं ही पातळी सहसा १२ महिन्यांच्या सरासरीवरून ठरते. धंदा हंगामी असेल आणि सौदा माल भरायच्या आधी पूर्ण होत असेल तर सरासरी दिशाभूल करते. तिसरा भाग कर्जासारख्या देण्यांचा: थकलेला बोनस, ग्राहकांचं आगाऊ पैसे घेऊन बाकी असलेलं काम, लांबवलेली पुरवठादारांची देणी. इथे सगळ्यात जास्त भांडणं होतात, कारण यातला प्रत्येक आकडा थेट किमतीतून कापला जातो.

बिघडतं कुठे? ट्रायल बॅलन्स अंतिम हिशेबाशी जुळत नाही, कारण वर्षअखेरच्या नोंदी फक्त शेवटच्या महिन्यात टाकलेल्या असतात. मग बाराव्या महिन्याचा नफा विचित्र दिसतो आणि त्या नोंदी मागे पसरवत बसावं लागतं. डेटा उशिरा येतो, मुदत मात्र तीच राहते. रात्री जागाव्या लागतात त्या बहुतेक यामुळेच.

मुलाखतीत एक प्रश्न विचाराच: डेटाबुक इथली टीम बनवते की दुसऱ्या ठिकाणचं केंद्र? केंद्र बनवत असेल तर पहिल्या वर्षी रात्री थोड्या सुटतात, पण आकड्यांवरचा हात बसत नाही.

---

निमूट: एक शंका

म्हणजे 'अ' मध्ये मॉडेलिंग (कंपनीच्या पुढच्या आकड्यांचा एक्सेलमधला अंदाज) भरपूर शिकायला मिळेल ना?

---

आकडेमोड:

नाही, आणि हाच सर्वांत सार्वत्रिक गैरसमज आहे. ड्यू डिलिजन्स मुख्यतः मागे बघतं. गेल्या तीन वर्षांचा नफा कसा झाला हे तुम्ही कुणापेक्षाही चांगलं सांगू शकाल, पण पुढच्या पाच वर्षांचा अंदाज, तिन्ही विवरणपत्रं (नफा-तोटा, ताळेबंद, रोखप्रवाह) जोडलेलं मॉडेल, कर्जाची परतफेड हे सहसा बँकर, फंड किंवा फर्ममधली वेगळी मॉडेलिंग टीम करते. इन्व्हेस्टमेंट बँकेत जायचा बेत असेल तर हे काम पूल म्हणून चालतं, पण १२ ते २४ महिन्यांत हालचाल करावी लागते आणि मॉडेलिंग स्वतःच्या वेळात शिकावं लागतं. वरच्या हुद्द्यावर गेल्यावर उडी अवघड, कारण बँका खालच्या पायरीवर घेतात आणि पगार मागे जातो. पीई फंडांच्या (कंपन्या विकत घेऊन पुढे विकणाऱ्या प्रायव्हेट इक्विटी फंडांच्या) मालकीच्या कंपन्यांचं वित्त, कॉर्पोरेट डेव्हलपमेंट (कंपनीतच राहून सौदे करणारा विभाग) आणि पुढे सीएफओचा, म्हणजे वित्तप्रमुखपदाचा मार्ग मात्र इथून सरळ निघतो.

---

स्लाईडकरी: 'ब' बद्दल

स्ट्रॅटेजी म्हणजे मोठमोठ्या गप्पा, हा समज काढून टाका. पहिल्या वर्षी तुमच्याकडे समस्येचा एक तुकडा असतो. उदाहरणार्थ 'या उत्पादनाची बाजारपेठ किती मोठी आणि ती का वाढेल'. एकूण उद्योगाचा छापील आकडा उचलून त्याला टक्के लावणं हा नवशिक्याचा मार्ग. खरा आकडा खालून बांधतात: ग्राहक किती, त्यातले वापरणारे किती, वर्षाला किती वेळा घेतात, दर काय. मग दोन्हींची तुलना आणि फरक का पडतो याचा शोध. सोबत जाणकारांना फोन, ग्राहकांचं सर्वेक्षण, प्रतिस्पर्ध्यांचे दर. कमर्शियल ड्यू डिलिजन्स (विकत घ्यायच्या धंद्याच्या बाजारपेठेची तपासणी) असेल तर हे सगळं दोन ते चार आठवड्यांत.

लेखापरीक्षणातून आलेल्यांना दोन गोष्टी जड जातात. एक, पै न् पै जुळवायची सवय. इथे आकडा ४० आहे की ४३ याने निर्णय बदलत नसेल तर त्यावर तास घालवणं ही चूक मानतात. दोन, लिहिणं. स्लाईडच्या मथळ्यात निष्कर्ष हवा. 'विक्रीचा आढावा' असा मथळा दिला की स्लाईड परत येते. 'विक्री वाढली ती दरामुळे, नग घटले' असा हवा.

आता वाईट बाजू. जनरलिस्ट म्हणून घेतात आणि आठ-नऊ महिने एकाच मोठ्या ग्राहकाकडे पीएमओवर (प्रोजेक्टच्या प्रगतीवर लक्ष ठेवणाऱ्या कचेरीत) बसवतात. म्हणजे कामांची यादी ठेवा, लाल-पिवळा-हिरवा ठिपका बदला, बैठकीचे मुद्दे लिहा. ग्राहक पैसे देतो म्हणून फर्म खूश, पण तुमच्या अनुभवात सांगण्यासारखं काही उरत नाही. म्हणून विचारा: गेल्या १२ महिन्यांत या टीमच्या नव्या माणसांनी कोणकोणती कामं केली, प्रत्येक किती आठवड्यांचं होतं, नेमणूक कोण ठरवतं? 'सगळ्या प्रकारची कामं असतात' हे उत्तर धरू नका. तीन कामांची नावं नाही तरी स्वरूप सांगता यायला हवं.

'वर चढा नाहीतर बाहेर पडा' ही पद्धत असेल तर पहिली बढती सरासरी किती महिन्यांत आणि न मिळालेल्याला किती मुदत देतात, हेही विचारायला लाजू नका.

---

चक्रवाढ: 'क' वर कुणी बोलत नाही म्हणून

व्हॅल्युएशनमध्ये दोन वेगळी जगं आहेत. एक सौद्यासाठी किंवा वादासाठी मूल्यांकन, तिथे तुमच्या मताला वजन. दुसरं हिशेबासाठी मूल्यांकन. कंपनी विकत घेतल्यावर दिलेली किंमत ब्रँड, ग्राहकसंबंध, तंत्रज्ञान अशा मत्तांत वाटावी लागते. आयएफआरएस ३ किंवा अमेरिकेत एएससी ८०५ या लेखामानकांनुसार. ब्रँडचं मूल्य तो स्वतःचा असल्याने रॉयल्टी वाचते या हिशेबाने काढतात, ग्राहकसंबंधांचं इतर मत्तांचं भाडं वजा करून उरणाऱ्या नफ्यावर. शेवटी सगळ्या मत्तांच्या परताव्याची भारित सरासरी, भांडवलाचा खर्च आणि सौद्याचा अंतर्गत परतावा हे तिन्ही आकडे एकमेकांजवळ यायला हवेत. आले नाहीत तर कुठेतरी ग्राहकगळतीचा दर किंवा अंदाज चुकलाय. मग ऑडिटरचे तज्ज्ञ प्रश्नांची फैर झाडतात. गुडविलची (मत्तांत वाटून उरलेल्या जादा किमतीची) वार्षिक तपासणी आयएएस ३६ खाली, तीही यातच.

हे शिक्षण भक्कम असतं. तीन मुख्य पद्धती (उत्पन्न, बाजारभाव आणि खर्च यांवर आधारलेल्या) हाताखालून जातात आणि भविष्यातला पैसा आजच्या मूल्यात आणायच्या दरातला (डिस्काउंट रेट) एक टक्का इकडेतिकडे झाला की मूल्य किती हलतं ते अंगवळणी पडतं. धोका एकच: साचा. फंडांच्या गुंतवणुकींचं तिमाही मूल्यांकन करणाऱ्या टीममध्ये नवा माणूस तीच फाइल ३० कंपन्यांसाठी अद्ययावत करत बसतो. ऑफरमधली टीम यातली कुठली, ते आधी काढा.

फर्मकडे रिस्ट्रक्चरिंगही (अडचणीतल्या कंपन्यांची फेररचना) असेल तर 'क'चं वजन वाढतं. २०२२ मध्ये व्याजदर चढले तेव्हा सौदे मंदावले आणि ड्यू डिलिजन्सच्या टीम रिकाम्या बसू लागल्या. अडचणीतल्या कंपन्यांचं काम उलट अशाच वेळी वाढतं. तिथलं मूळ हत्यार म्हणजे १३ आठवड्यांचा रोखीचा अंदाज. नफा नव्हे, दर आठवड्याला बँकेत प्रत्यक्ष किती येणार आणि पगार कुठल्या आठवड्यात अडकणार. हा कागद नीट बनवता येणारा माणूस कधी उपाशी मरत नाही. (थोडी अतिशयोक्ती, चालवून घ्या.)

---

पै-पै: पगाराचं गणित

मूळ पगारावर निर्णय घेऊ नका. रुजू होतानाचा बोनस पहिल्याच वर्षी येतो, म्हणून तुलना दुसऱ्या वर्षाची करा. बोनस 'लक्ष्य' किती ते पत्रात असतं. गेल्या दोन वर्षांत प्रत्यक्षात त्यातला किती वाटला ते विचारावं लागतं.

समजा 'अ': मूळ १००, लक्ष्य बोनस २० टक्के, त्यातला ६० टक्केच मिळतो. एकूण ११२. 'ब': मूळ १२०, लक्ष्य १५ टक्के, मिळतो ७० टक्के. एकूण १३२.६. आता कामाचे आठवडे ४६ धरा. 'अ' मध्ये ५० तास म्हणजे २३०० तास. 'ब' मध्ये ६२ तास म्हणजे २८५२. ताशी 'अ' ०.०४८७ आणि 'ब' ०.०४६५. वीस टक्के जास्त पगाराची ऑफर ताशी स्वस्त निघाली.

सरासरी तास मात्र विचारू नका, सगळे सोयीचा आकडा सांगतात. 'चालू प्रोजेक्टच्या शेवटच्या आठवड्यात किती तास झाले आणि गेल्या महिन्यात किती शनिवार गेले' असं विचारा.

---

स्लाईडकरी:

गणित बरोबर, निष्कर्षाशी असहमत. ताशी दराला महत्त्व द्यायचं तर आठवड्याला वाचलेले १२ तास कुठेतरी उपयोगात यायला हवेत. पहिल्या तीन वर्षांत पगारवाढीचा वेग जास्त महत्त्वाचा. दोन्हीकडे पुढच्या हुद्द्याचा पगार आणि तिथवर लागणारे महिने विचारा, तिसऱ्या वर्षाच्या शेवटचा आकडा मांडा.

---

पै-पै:

मान्य, पण तीन वर्षं टिकणाऱ्यांनाच तो आकडा मिळतो. आणि सीएफए (गुंतवणूक विश्लेषणाची तीन पातळ्यांची परीक्षा) करायचं असेल तर ते १२ तास उपयोगात येतातच. प्रत्येक पातळीला ३०० तासांच्या आसपास अभ्यास धरतात. आठवड्याला ६२ तास भरणाऱ्याने ते कुठून काढायचे?

जाता जाता, युटिलायझेशनचं (ग्राहकाला बिल लावता येणाऱ्या तासांचं) लक्ष्यही बघा. काही फर्म ते वर्षाच्या २०८० तासांवर मोजतात, काही रजा-सुट्ट्या वजा करून. लक्ष्य ७५ टक्के म्हणजे १५६० तास. रजा आणि सुट्ट्यांचे २०० तास काढले तर उरलेल्या १८८० चे ते ८३ टक्के होतात. कागदावर आरामाचं वाटणारं लक्ष्य असं आवळतं.

---

रोखप्रवाह: 'अ' घेणाऱ्यांनी हेही बघा

लेखा फर्ममध्ये स्वातंत्र्याचे नियम असतात. अमेरिकेत २००२ च्या सार्बेन्स-ऑक्सली कायद्याने शेअर बाजारात नोंदलेल्या ऑडिट ग्राहकांना मूल्यांकनासारख्या अनेक सेवा द्यायला त्यांच्याच ऑडिटरला मनाई केली. याचा तुमच्याशी संबंध दोन तऱ्हेने येतो. एक, ज्या क्षेत्रातल्या मोठ्या कंपन्यांचं ऑडिट याच फर्मकडे आहे तिथली चांगली कामं तुमच्या टीमला मिळतच नाहीत. तुमचं आवडतं क्षेत्र असेल तर तिथल्या पहिल्या दहा कंपन्यांचे ऑडिटर वार्षिक अहवालांत बघा, अर्ध्या तासाचं काम आहे. दोन, तुमच्या आणि जोडीदाराच्या गुंतवणुकी जाहीर कराव्या लागतात, हुद्द्यानुसार काही विकाव्याही लागतात. रुजू झाल्यावर पडत्या भावात विकण्यापेक्षा यादी आधी मागून घ्या.

---

निमूट:

सगळ्यांचे आभार. दोन प्रश्न उरले. मूळ उदाहरणात कुठली ऑफर घ्यावी? आणि सात दिवसांत दुसऱ्या फर्मचं उत्तर आलंच नाही तर?

---

चक्रवाढ:

पहिल्याचं उत्तर माझ्यापुरतं. कंपन्या विकत घेण्या-चालवण्याच्या बाजूला जायचं असेल तर 'अ', टीमचे निम्म्याहून जास्त ग्राहक पीई फंड असतील तर निःशंक. वित्ताबाहेर पडायचं असेल तर 'ब', कारण लेखापरीक्षणातून तिथे जायची दारं फार वेळा उघडत नाहीत. 'क' तेव्हाच, जेव्हा टीम साचेबंद काम करत नाही याची खात्री झाली. तिन्हींसाठी एक पडताळणी: त्या टीममधून बाहेर पडलेले शेवटचे पाच-सहा जण आज कुठे आहेत ते लिंक्डइनवर शोधा. फर्ममधून नव्हे, त्या टीममधून. तुम्हाला हव्या त्या जागी एकही जण दिसत नसेल तर मुलाखतीत सांगितलेलं विसरा.

---

कलमबहाद्दर: मुदत आणि पत्रातली कलमं

मुदतीसाठी आधी फोन, मग त्याच दिवशी ईमेल. कारण एका वाक्यात: 'दुसरी प्रक्रिया अमुक तारखेला संपते, तोवर पाच कामाचे दिवस वाढवून मिळतील का.' फर्मचं नाव सांगायची गरज नाही. लगेच दुसरीकडे कळवा की हातात ऑफर आहे आणि मुदत अमुक. शेवटची फेरी पुढे ओढायला हे बहुधा पुरतं. एकीकडे होकार देऊन नंतर फिरवू नका. या धंद्यातली माणसं फर्म बदलत राहतात आणि नाव लक्षात ठेवतात.

नव्यांचा मूळ पगार ठरलेल्या पट्ट्यात असतो, तिथे फार ओढाताण करू नका. रुजू व्हायची तारीख, टीम, रुजू बोनस यावर बोलता येतं. सगळ्यात मोलाची गोष्ट हुद्दा: आधीच्या अनुभवातली किती वर्षं धरली. एक वर्ष जास्त धरलं तर पुढची बढती एक वर्ष अलीकडे येते, कुठल्याही एकरकमी बोनसपेक्षा ते जड.

रुजू बोनसचं परतफेडीचं कलम दोनदा वाचा. समजा १२ मिळाले, बंधन २४ महिन्यांचं, तुम्ही १८ व्या महिन्यात सोडलंत. प्रमाणात परतफेड असेल तर ३ द्यायचे, सरसकट असेल तर पूर्ण १२. त्यातही रक्कम करापूर्वीची की हातात आलेली? कर कापून ९ मिळाले आणि परत १२ द्यायचे, असं होऊ शकतं. 'करोत्तर, प्रमाणात' एवढे दोन शब्द घालून मागा. फर्मने स्वतः काढलं तर परतफेड नाही, हेही लिहून घ्या. रुजू व्हायची तारीख फर्म पुढे ढकलू शकते का ते बघा. २०२३ मध्ये अनेक कन्सल्टिंग फर्मनी नव्यांच्या तारखा काही महिने ढकलल्या. तेव्हा जुनी नोकरी आधीच सोडलेल्यांची पंचाईत झाली.

राजीनामा शेवटी. आधी सही झालेलं पत्र, मग पूर्वेतिहासाची पडताळणी पूर्ण झाल्याचा ईमेल, मग राजीनामा. पडताळणीत ऑफरी अडकतात त्या बहुतेक किरकोळ कारणाने: अर्जातले रुजू-सोडल्याचे महिने आणि अनुभवपत्रातल्या तारखा जुळत नाहीत. अर्ज भरताना पत्रं समोर ठेवा.